उमरझिऱ्याची जाळरेषा

अग्नी कोणाची परवानगी घेऊन येत नाही, म्हणून माणसाने त्याच्या आधी पोहोचले पाहिजे. वनसंरक्षणाचा सारा डोलारा या एका सत्यावर उभा आहे. वनखात्याच्या प्रशिक्षणवर्गात हे वाक्य पहिल्याच तासाला सांगतात. गिरधर बाविस्करच्या कानावर ते कधी पडलं नाही, कारण आदल्या दिवशीच्या मेसमधल्या मटकीच्या उसळीमुळे तो त्या तासाला संडासच्या रांगेत उभा होता. अर्थात वाक्य कानावर पडलं असतं तरी उपयोग नव्हता. सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत अशी वेळ आली होती की आगीला परवानगी लागत नसली, तरी तिच्या आधी पोहोचणाऱ्या माणसाला लागत होती.

गिरधर उमरझिऱ्याचा वनपाल. उमरझिरा म्हणजे सातपुड्याच्या अगदी पायाशी चिकटलेलं, चोपड्याकडचं गाव. खाली केळीच्या बागा, त्यांच्या वर कपाशी, कपाशीच्या वर घरं, आणि घरांच्या वर डोंगर. निम्म्या घरांवर गवताचं छप्पर, आणि प्रत्येक अंगणात पऱ्हाट्यांचा, म्हणजे उपटून वाळवलेल्या कपाशीच्या काड्यांचा, माणसापेक्षा उंच ढीग. चुलीला वर्षभर पुरतो. काडेपेटीची एक काडी पडली तर अर्धा ताससुद्धा पुरणार नाही, हे गावाने चार वर्षांपूर्वी पाहिलेलं होतं. तेव्हा डोंगरावरची आग वाऱ्याबरोबर खाली उतरली आणि वरच्या आळीतले गोठे घेऊन गेली. ताईबाईच्या दोन गाई दाव्याला बांधलेल्या होत्या. दावी सोडायला कोणी पोहोचलं नाही.

ताईबाईचं घर डोंगराकडून पहिलं. त्या वेळी राखेत उभं राहून गिरधरने तिला शब्द दिला होता, "अक्का, आते परत खाले आग येवाव नही." सरकारी माणसाने शब्द देऊ नये असा लेखी नियम नाही, पण असायला हवा होता.

डोंगर आणि गाव यांच्यामध्ये एक रुंद पट्टा असतो, त्याला जाळरेषा म्हणतात. दिवाळीनंतर त्यातलं गवत-झुडूप कापायचं, वाळू द्यायचं आणि उन्हं तापायच्या आत खात्याने स्वतःच्या हाताने जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचणाऱ्या कोणी झाडाखालचा पाला पेटवला, बिडी टाकली, काहीही झालं, तरी वरून आलेली आग या काळ्या पट्ट्याशी येऊन उपाशी मरते. पद्धत जुनी आणि चांगली. फक्त मधली काही वर्षं वरून अनुदान आलं नाही, म्हणून पट्टा कापलाच गेला नाही. निसर्गाला अनुदान लागत नाही. पट्ट्यात कमरेइतकं गवत माजलं, त्यात साग, पळस, धावडा मनगटाएवढा झाला. नकाशावर जाळरेषा राहिली, जमिनीवर जंगल झालं.

आणि यंदा अनुदान आलं, तर दिल्लीहून न्यायालयाचा आदेश आला की जंगलात परवानगीशिवाय झाड तोडायचं नाही. मनगटाएवढा साग झाड आहे की झुडूप, हे सांगायला कोणी तयार होईना. वनपालाने रेंजरला विचारलं, रेंजरने जळगावला विचारलं, जळगावने आणखी वर विचारलं, आणि वरून विचारणा आली की याबाबत स्थानिक वनपालाचा अभिप्राय काय.

कायदा खुळचट आहे असं म्हणून मोकळं व्हावं, तर गिरधरला तेही जमेना. त्याने पूर्वीच्या एका रेंजमध्ये असली जाळरेषा पाहिली होती की जी सरळ जायची सोडून नागिणीसारखी वळणं घेत होती. जिथे चांगला साग, तिथे रेषा. त्या एका रेषेतून दोन साहेबांच्या मुलींचे दिवाण, कपाटं आणि एक झोपाळा निघाला होता. कायदा करणाऱ्याने तो झोपाळा पाहिला असावा. म्हणून गिरधर कायद्याला शिव्या देऊ शकत नव्हता, आणि ज्याला शिव्या देता येत नाहीत त्याची भीती जास्त वाटते.

त्याने प्रस्ताव पाठवला. तो शंका काढून परत आला. पहिलीच शंका होती : 'प्रस्तावित जाळण्यामुळे आग लागण्याचा संभव आहे काय? असल्यास उपाययोजना नमूद करावी.'

गिरधरने लिहिलं, 'होय. आग लागावी म्हणूनच जाळावयाचे आहे.'

रेंजर लीलाधर चौधरी यांनी ते वाचून चष्मा काढला. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. निवृत्ती जवळ आल्यावर माणूस सगळ्याच गोष्टींकडे प्रवासातल्या पाहुण्यासारखं बघतो, तसे ते बघत.

"बाविस्कर, असं लिहितात का?"

"मग काय लिहू साहेब?"

"लिहा, संभव नाही. तरीही लागल्यास नियंत्रणात ठेवण्यात येईल."

"पण मग कळायचं कसं, आपण जाळणार आहोत म्हणून?"

"ते त्यांना कळलं तर परवानगी देतील का?" साहेब म्हणाले, आणि चहा मागवला.

जानेवारी गेला. गवत पिवळं पडलं, मग पांढरं. गिरधरचं नाक बिघडलं. त्याला सगळीकडे धुराचा वास येऊ लागला. चहाला धूर, उशीला धूर. जेवता जेवता तो ताटावरून उठायचा आणि ओट्यावर जाऊन डोंगराकडे बघत उभा राहायचा. बायको मंदाबाई म्हणायची, "अहो, वरणाला फोडणी दिली, डोंगराला नाही." तो परत बसायचा, पण घास गिळताना मान डोंगराकडेच. पळस फुलला तेव्हा तर पंचाईतच झाली. साऱ्या सातपुड्यावर लाल ठिपके. प्रत्येक ठिपका दहा दहा वेळा पाहून खात्री करावी लागायची की हा जागचा हलत नाहीये.

ताईबाई रोज त्याला वाटेत गाठायची. शेणाची पाटी डोक्यावर, एक हात कमरेवर.

"काय हो भाऊसाहेब, मनं घर पयले जळी का तुमनी जाळरेषा पयले जळी? तितलं सांगी द्या. त्या हिसाबमा गोधड्या बाहेर काढसू."

"अक्का, परवानगी येवाले टाईम लागस."

"आगले बी एक कागद धाडी द्या ना मग. म्हना, जराशी थांब, आमना कागद येवाना शे."

आजूबाजूच्या बाया हसायच्या. गिरधरही हसायचा. ताईबाई मात्र हसत नसे. तिने नवीन गाय घेतली होती. आणि ती गाईला दाव्याने बांधत नाही, मोकळीच ठेवते, हे त्याने पाहिलं होतं.

शेवटी जळगावहून निरोप आला की प्रस्तावाच्या छाननीसाठी समिती येणार. समिती म्हणजे रेंजरसाहेब स्वतः, आणि वनस्पतिशास्त्रातले तज्ज्ञ म्हणून धुळ्याकडच्या एका कॉलेजातले प्राध्यापक जीवराम बेंडाळे. आणखी एक सदस्य होते, ते शेवटपर्यंत कोणाला दिसले नाहीत. दौरा दोनदा ठरला आणि दोनदा पुढे गेला; एकदा जीप नव्हती, एकदा जीप होती पण प्राध्यापकांच्या परीक्षा होत्या. ठरला तेव्हा मार्च लागला होता आणि दुपारी वाऱ्याचे भोवरे उठू लागले होते.

दौऱ्याची बातमी कळताच सरपंच लोटनआबा गिरधरच्या घरी आले. पांढरी टोपी, हातात भरताची दोन हिरवी-पांढरी वांगी, एकेक तान्ह्या लेकराएवढं.

"भाऊ, ह्या पहाय. सीझननी शेवटली शेतस. पाव्हनासले भरीत खवाडनं पडी."

"आबा, घरी करा. काकूंच्या हातचं."

"घर?" आबांना धक्काच बसला. "घर भरीत? तेले भरीत म्हनतस का? भरीत वावरमा व्हस. मना वरला वावरमा पऱ्हाट्या बठ्ठ्या पडेल शेत."

आबांचं वरचं वावर जाळरेषेला लागून होतं. बांधावर गिरधरने स्वतः पाटी ठोकली होती : 'वणव्याचे दिवस. येथे आग पेटविणे हा गुन्हा आहे.' गिरधरने ती पाटी आबांना आठवण करून दिली. आबा म्हणाले, पाटीला टेकून बसायला बरी सावली आहे.

गिरधर सायकल मारत रेंजरसाहेबांकडे गेला. घाम पुसत सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाविस्कर, तुम्ही शिरपूरकडचे ना?"

"हो साहेब."

"मग तुम्हाला कोणी सांगायला हवं का? आग म्हणजे आग. भरीत म्हणजे भरीत. पाहुणा जळगाव जिल्ह्यात आला आणि भरीत न खाता गेला, तर आधी अहवाल आपल्याविरुद्ध जाईल. तुम्ही दोन मजूर उभे करा, ओली गोणपाटं ठेवा, आणि हसतमुख राहा."

गिरधरने चार मजूर उभे केले. गोणपाटं भिजवली. हसतमुख राहणं तेवढं जमलं नाही.

प्राध्यापक बेंडाळे जीपमधून उतरले ते थेट गवतात शिरले. बुटका, चपळ माणूस, खांद्याला शबनम, बोटात न पेटवलेली सिगारेट. आल्या आल्या नुसता चहा पिऊन बसणारा तज्ज्ञ असेल असं गिरधरला वाटलं होतं. हा तर पट्टाभर फिरला. गुडघ्यावर बसून त्याने सागाची रोपं पाहिली, एके ठिकाणी गवत हळूच बाजूला करून तितराची अंडी दाखवली.

"किती सुंदर पुनरुज्जीवन झालंय बघा," ते म्हणाले. "कोणी लावलं नाही, पाणी घातलं नाही. हे मी कसं म्हणू, तोडा आणि जाळा म्हणून?"

"सर, खाली गाव आहे," गिरधर म्हणाला.

"ते मला दिसतंय हो." बेंडाळे उठून उभे राहिले. त्यांचा आवाज उतरला. "मी मागे एका जागी सही केली होती. जाळरेषाच होती. सहा महिन्यांनी जाऊन पाहिलं तर रेषेच्या दोन्ही बाजूंचं जंगल साफ. माझ्या सहीने. तुम्ही तसे नाही, हे मला तुमच्या तोंडाकडे बघून कळतंय. पण मी सही तोंड बघून करायची का?"

तेवढ्यात गिरधरला धुराचा वास आला. या वेळी तो खरा होता. खाली बांधाजवळ आबांनी पऱ्हाट्या पेटवल्या होत्या.

पुढचा तासभर त्याने काय खाल्लं ते त्याला आठवत नाही. केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या होत्या, कांद्याची पात होती. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचली जात होती, हिरव्या मिरचीची आणि लसणाची फोडणी नाकात जात होती, आणि आबा आग्रह करत होते, "घ्या साहेब, हाई धुयामा भेटाव नही." बेंडाळे म्हणाले, धुळ्यातही मिळतं. आबांनी ते मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्या खेपेची वांगी भाजायला टाकली. पहिल्या खेपेच्या विस्तवावर गिरधरने पाणी ओतून घेतलं होतं. दुसऱ्या खेपेसाठी आबांनी पऱ्हाट्यांचा नवा भारा टाकला. गिरधर पानावरून उठला.

"बसा हो बाविस्कर," रेंजरसाहेब म्हणाले. "जेवणावरून उठू नये."

तेव्हाच भोवरा आला. वावराच्या खालच्या टोकाला पाचोळा गोल फिरताना दिसला, सगळ्यांनी तो एकमेकांना दाखवला, टोप्या धरल्या, पानांवर हात ठेवले. भरितात माती जाऊ नये एवढीच सगळ्यांना काळजी. भोवरा विस्तवावरून गेला, त्याने जळत्या काड्यांची एक मूठ उचलली, पाटीच्या डोक्यावरून नेली आणि जाळरेषेत टाकली.

पांढऱ्या गवताने क्षणभर विचार केल्यासारखं केलं. मग आवाज आला, कोणीतरी मोठं कापड फाडावं तसा.

"गोणपाटं!" गिरधर ओरडला. मजूर धावले. आबा धावले. पण कमरेइतक्या गवतातली आग गोणपाटाला भीक घालत नाही. दुपारचा वारा डोंगराकडे वर चढत होता, त्याच्याबरोबर आगही चढू लागली. पट्ट्याच्या वरची कड ओलांडून ती जंगलात शिरली, की सूर्य कलता कलता वारा फिरणार आणि अख्खा पेटलेला डोंगर परत खाली गावावर येणार, जसा चार वर्षांपूर्वी आला होता. गिरधरला हे दिसत होतं. उपायही दिसत होता. वरच्या कडेने धावत जायचं आणि तिथून आपण आग लावायची, म्हणजे दोन्ही आगी मध्ये भेटतात आणि खायला काही न उरल्याने विझतात. खात्यात हे शिकवतात. हा तास त्याने चुकवला नव्हता.

फक्त त्यासाठी पट्टा जाळावा लागत होता. ज्या पट्ट्याची परवानगी नव्हती तोच. आणि परवानगी देणारी समिती हात न धुता समोर उभी होती.

"साहेब, वरून लावू का?"

रेंजरसाहेबांनी बेंडाळ्यांकडे पाहिलं. "सर, आपलं मत?"

"मी फक्त सल्लागार सदस्य आहे," बेंडाळे म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "निर्णय अध्यक्षांचा."

"अध्यक्ष मी आहे, पण प्रस्ताव छाननीखाली असताना..." साहेबांनी वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं आणि आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, ग्रामपंचायतीचा यात काही संबंध येत नाही.

खाली गावातून बायांची ओरड ऐकू येऊ लागली. गिरधरला ताईबाईची आळी दिसली, आणि तिची गाय वाटेने सुटून पळताना दिसली. मग तो पळाला. काट्यांत पाय अडकले, एक चप्पल राहिली. वरच्या कडेला पोहोचून त्याने खिशातून काडेपेटी काढली. पहिली काडी मोडली, दुसरी वाऱ्याने विझली, तिसरी पेटलीच नाही. निलंबनाचा आदेश कोणत्या शब्दांत सुरू होतो तेही त्याला आठवू लागलं : 'ज्याअर्थी'.

मागून धापा टाकत कोणीतरी आलं. बेंडाळे होते. शर्टावर भरीत सांडलेलं. शबनममधून लायटर काढून त्यांनी गिरधरच्या हातात दिला, आणि पाठ फिरवून डोंगराकडे बघत उभे राहिले, जणू तिकडचं एखादं झाड ओळखायचं राहिलं होतं.

गिरधरने गवत पेटवलं. चार पावलं पळायचं, वाकायचं, लावायचं. गवताची एक पेटती जुडी त्याने मजुराच्या हातात दिली आणि दुसऱ्या टोकाकडे पिटाळलं. जरा वेळाने त्याला दिसलं की बेंडाळे पळसाची ओली फांदी घेऊन जंगलाच्या बाजूला उडालेल्या ठिणग्या झोडपताहेत, मोठमोठ्याने कोणाला तरी शिव्या देत. साहेबांचाही कोट निघाला होता. खालच्या टोकाला, गोठ्यांजवळ, ताईबाई आणि वरच्या आळीच्या बाया गोणपाटांनी आगीची कड झोडपत होत्या.

दोन्ही आगी पट्ट्याच्या मधोमध भेटल्या. एकदा उंच उडाल्या, आणि बसल्या. मग नुसता धूर राहिला, आणि त्यात उभी जळकी मनगटं. तितराची अंडी कुठे होती ते कोणी विचारलं नाही. बेंडाळे एकटेच त्या बाजूला जाऊन आले.

जीपमध्ये चढताना ते एवढंच म्हणाले, "मी जे पाहिलं तेच लिहीन."

पुढचे दिवस गिरधरने कसे काढले ते मंदाबाईलाच ठाऊक. जीपचा आवाज आला की तो उभा राहायचा. एसटीचा आला तरी उभा राहायचा. त्याने स्वतःचा जबाब मनातल्या मनात लिहून ठेवला होता, आणि रोज त्यातलं एक कारण कमी व्हायचं. शेवटी राहिलं ते एवढंच की मी लावली. ताईबाई वाटेत भेटली तेव्हाही टोमणा मारीना. "गोनपाट मनं व्हतं, जळी गयं, ते भरी द्या," एवढं म्हणून निघून गेली. हे त्याला जास्तच भीतीदायक वाटलं.

एक दिवस रेंजरसाहेब स्वतः आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि खिशातला कागद वाचून दाखवू लागले.

"'समितीने प्रत्यक्ष पाहणी केली. पाहणी पूर्ण झाली त्या वेळी सदर पट्ट्यात कोणतीही जिवंत वनस्पती आढळून आली नाही. सबब तोडण्याचा अथवा जाळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रस्ताव निकाली काढण्यात यावा.'"

"म्हणजे परवानगी मिळाली का नाही, साहेब?"

"गरजच नाही म्हणे."

"आणि आग कोणी लावली, ते?"

"ते समितीच्या कक्षेत येत नाही." साहेबांनी कागदाची घडी घातली. "वनस्पती नाही म्हटल्यावर कापायचं अनुदानही परत करायचंय. कागद तयार ठेवा. आणि हो, पुढच्या वर्षी गवत वाढलं की प्रस्ताव लवकर पाठवा."

गिरधरने मान डोलावली. त्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने चहा सांगितला. चहाला धुराचा वास येत होता. संध्याकाळी तो ओट्यावर उभा राहून डोंगराकडे बघत राहिला, तसा तो पाऊस पडेपर्यंत रोज उभा राहिला.

त्या उन्हाळ्यात उमरझिऱ्याच्या डोंगरावर आग लागलीच नाही.